यामाहा डीएक्स७ आणि नवा लॅपटॉप : ४१०४ बाइट पूर्ण का पोहोचत नाहीत?

तारसप्तक (मूळ धागा)

नमस्कार.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात माझ्या मामांचा कोल्हापुरात वाद्यवृंद होता आणि त्यात ते यामाहाचा डीएक्स७ हा सिंथेसायझर वाजवत असत. ते वाद्य आता माझ्याकडे आले आहे. कळा, पडदा, बटणे सगळे शाबूत आहे. त्याच्या अंतर्गत मेमरीत ३२ आवाज मावतात आणि त्यांतले बरेचसे मामांनी स्वतः बसवलेले आहेत : सनई, तुणतुणे, पायपेटी आणि लावणीच्या साथीला वापरायचा, ढोलकीच्या थापेसारखा एक आवाज. सोबत एक रॅम कार्ट्रिज (आवाज साठवण्यासाठी बाहेरून लावायची डबी) आहे, त्यात आणखी ३२ आवाज आहेत. यांतले मामांचे आवाज दुसरीकडे कुठेही साठवलेले नाहीत. आतली बॅटरी शेवटची कधी बदलली हे मामांना आठवत नाही, आणि दुरुस्तीवाले ती लगेच बदलून द्यायला तयार आहेत.

सगळे आवाज संगणकावर उतरवून ठेवायचे, बॅटरी बदलायची आणि आवाज परत वाद्यात भरायचे, असा माझा बेत आहे. विंडोज असलेला लॅपटॉप, मिडी-ऑक्स हा प्रोग्रॅम आणि ऑनलाइन मागवलेली, कोणत्याही कंपनीचे नाव नसलेली एक स्वस्त यूएसबी-मिडी केबल एवढा सरंजाम माझ्याकडे आहे. (मिडी म्हणजे वाद्ये आणि संगणक यांनी एकमेकांना सूर व माहिती पाठवण्याची ठरलेली पद्धत.) या केबलवरून सूर दोन्ही दिशांनी व्यवस्थित जातात. डीएक्स७ ची कळ दाबली की संगणकावर नोंद होते आणि संगणकावरून पाठवलेली चाल डीएक्स७ बिनचूक वाजवतो. अडचण सिसेक्सची, म्हणजे वाद्यात साठवलेल्या आवाजांसारखी माहिती मिडीवरून नेणाऱ्या संदेशांची आहे. वाद्यातून ३२ आवाजांचा डंप (सगळा डेटा एकदम बाहेर काढणे) घेतला की फाइल कधी ४१०१ बाइटची होते, कधी ४०९८ ची, आणि एकदा तर ती ४०८६ वर थांबली. पूर्ण डंप ४१०४ बाइटचा असतो असे मी वाचले आहे. संगणकाकडून वाद्याकडे मी अजून काहीही पाठवलेले नाही, कारण आत आहे तेच पुसले जाईल अशी भीती वाटते.

दोष एवढ्या जुन्या वाद्यात आहे की केबलमध्ये, हे खात्रीने कसे ओळखावे? आणि बॅटरीचे काम आधी उरकून घ्यावे का?

खर्ज (प्रतिसाद)

बॅटरीला अजिबात हात लावू नका. डीएक्स७ ची अंतर्गत मेमरी त्या ३ व्होल्टच्या सेलवरच तगून असते. सेल काढला की मामांचे सगळे आवाज पुसले जातील आणि ते परत आणण्याचा कोणताही मार्ग उरणार नाही. दुरुस्तीवाल्यांना थांबायला सांगा. संगणकावरची प्रत पूर्ण आहे हे सिद्ध होईपर्यंत वाद्यावरचे अंतर्गत मेमरी प्रोटेक्टही (आतले आवाज पुसले जाऊ न देणारी सोय) चालूच असू द्या. डंप बाहेर काढण्यासाठी ते बंद करावे लागत नाही.

फाइलचे आकार तुम्ही लिहिलेत हे फार चांगले झाले, कारण बहुतेक जण केवळ 'डंप होत नाही' एवढेच सांगतात आणि मग पुढे अंदाजांवर अंदाज बांधले जातात. ४१०४ हा आकडा असा तयार होतो : सुरुवातीला सहा बाइटचे शीर्ष येते, हेक्स म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत एफ० ४३ ०० ०९ २० ००. त्यातला एफ० म्हणजे सिसेक्स सुरू झाल्याची खूण आणि ४३ हा यामाहाचा क्रमांक. त्यानंतरच्या बाइटमध्ये चॅनेल असतो. ०९ म्हणजे ३२ आवाजांचा गठ्ठा, आणि शेवटचे दोन बाइट पुढे किती डेटा येणार ते सांगतात. मिडीतल्या डेटा बाइटमध्ये सातच बिट वापरात असल्यामुळे २० ०० चा अर्थ ३२ गुणिले १२८, म्हणजे ४०९६ असा होतो. तेवढे डेटाचे बाइट गेले की एक चेकसमचा (डेटा बरोबर आहे का ते पडताळणारा) बाइट आणि शेवटी समाप्तीची खूण म्हणून एफ७ येतो. ६, ४०९६, १ आणि १ मिळून ४१०४. यात कमीजास्त होण्याला वावच नाही. मूळ डीएक्स७ वर आवाज कोणतेही असोत, आकार हाच यायला हवा.

आता तुमचे आकडे पाहा. ४१०१ म्हणजे ३ कमी, ४०९८ म्हणजे ६ कमी आणि ४०८६ म्हणजे १८ कमी. प्रत्येक वेळी तूट तिनाच्या पटीत आहे. वाद्य स्वतः बाइट गाळत असते तर ते एकेक असे कसेही गळाले असते. नेमके तीन-तीन बाइट यूएसबीच्या बाजूला एकत्र बांधले जातात. त्यामुळे संशय केबलवर येतो. जुनासोल्डर यांनी यावर अधिक लिहावे अशी विनंती.

जुनासोल्डर (प्रतिसाद)

मिडीचा वेग १९८३ पासून एकच आहे : सेकंदाला ३१,२५० बिट. प्रत्येक बाइटच्या आधी एक आरंभाचा आणि नंतर एक अखेरचा बिट जातो, म्हणजे एका बाइटला दहा बिट लागतात आणि सेकंदाला जास्तीत जास्त ३,१२५ बाइट जाऊ शकतात. एका बाइटला ३२० मायक्रोसेकंद लागतात आणि ४१०४ बाइटचा पूर्ण डंप सुमारे १.३ सेकंदांत संपतो. डीएक्स७ हा डेटा मध्ये दम न घेता एका ओळीत पाठवतो.

यूएसबीवर मिडी पाठवण्याचे प्रमाण १९९९ मध्ये ठरले. त्यात प्रत्येक चार बाइटच्या पुडीत मिडीचे जास्तीत जास्त तीन बाइट असतात, आणि उरलेला बाइट पुडीत काय आहे ते सांगतो. ४१०४ ला तिनाने भागले की १३६८ येतात, म्हणजे तुमच्या डंपच्या १३६८ पुड्या होतात. सूर वाजवताना एका सुराची एकच पुडी बनते आणि पुढचा सूर येईपर्यंत केबलमधल्या चिपला भरपूर उसंत मिळते, म्हणून सुरांच्या बाबतीत ही केबल ठीक वाटते. सिसेक्समध्ये उसंत नसते. चिपमधला बफर (डेटा तात्पुरता ठेवण्याची जागा) लहान असेल किंवा तिचा प्रोग्रॅम निष्काळजीपणे लिहिलेला असेल, तर काही पुड्या संगणकाकडे जाण्याआधीच वाटेत टाकल्या जातात आणि तीन-तीन बाइट नाहीसे होतात. तुमच्या फाइलींत हेच घडलेले दिसते.

उलट दिशेला, म्हणजे संगणकाकडून वाद्याकडे जाताना, धोका याहून मोठा आहे. यूएसबीच्या एका ६४ बाइटच्या खेपेत अशा १६ पुड्या, म्हणजे मिडीचे ४८ बाइट येतात. संगणक त्या क्षणार्धात ओततो, पण केबलला तेच ४८ बाइट पुढे सोडायला १५ मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. नरसाळे भरले की ओतणाऱ्याला थांबवावे लागते. चांगला इंटरफेस (संगणक आणि वाद्य जोडणारे उपकरण) संगणकाला 'थांब' असे कळवतो आणि बफर रिकामा झाल्यावरच पुढचा माल घेतो. स्वस्त केबल तसे कळवत नाही, आणि जे मावत नाही ते सांडते.

आणखी एक गोष्ट. मिडीच्या प्रमाणानुसार इन या टोकाला ऑप्टोकपलर असणे बंधनकारक आहे. त्यामुळे संकेत प्रकाशाच्या मार्गाने जातो आणि दोन्ही उपकरणांचे विद्युत मंडल एकमेकांना जोडले जात नाही. पाच पिनांच्या जोडणीत संकेतासाठी फक्त ४ आणि ५ या पिना वापरल्या जातात. २ क्रमांकाची पिन शील्डसाठी असते आणि ती आउटच्या बाजूलाच भूमीला जोडायची असते. फारच स्वस्त केबलींत ऑप्टोकपलर गाळून टाकलेला मी पाहिला आहे. तशा केबलीने लॅपटॉपचा चार्जर लावताच स्पीकरमध्ये गुणगुण सुरू होते आणि जुन्या वाद्याच्या पोर्टला धोका निर्माण होतो. एवढ्या कारणासाठीही ती केबल बदलावी असे मी म्हणेन. ज्याला पाच पिनांची सॉकेटे आहेत असा, नावाजलेल्या कंपनीचा साधा एक-इन एक-आउट इंटरफेस पुरेसा आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा वाद्यांच्या मोठ्या दुकानांत असा इंटरफेस मिळू शकतो. पाच पिनांऐवजी साडेतीन मिलिमीटरचा जॅक असलेला घेतलात तर तो अ प्रकारचा आहे की ब प्रकारचा हे विचारून घ्या, कारण दोन्ही प्रकारांत तारा उलट्या जोडलेल्या असतात आणि चुकीच्या जोडतारेवरून एकही बाइट जात नाही.

तारसप्तक

दोघांचेही मनापासून आभार. दुरुस्तीवाल्यांना थांबवले आहे. इंटरफेस मागवला आहे, तो येईपर्यंत काही करता येण्यासारखे असेल तर सांगावे. ४१०१ बाइटची फाइल मी एका हेक्स संपादकात उघडून पाहिली. आकड्यांच्या गर्दीत आवाजांची नावे रोमन अक्षरांत स्पष्ट वाचता येतात, हे पाहून बरे वाटले. मात्र त्यांवरून काही निष्कर्ष काढता येतो का, ते समजले नाही.

खर्ज (प्रतिसाद)

नक्की काढता येतो, आणि तूट नेमकी कुठे पडली तेही कळते. या गठ्ठ्यात प्रत्येक आवाजाला १२८ बाइट मिळतात आणि त्यांतले शेवटचे दहा त्याच्या नावाचे असतात. शीर्षाचे सहा बाइट धरले तर पहिल्या आवाजाचे नाव फाइलच्या १२५ व्या बाइटपासून सुरू होते, दुसऱ्याचे २५३ व्यापासून, तिसऱ्याचे ३८१ व्यापासून, आणि पुढेही दर १२८ बाइटनंतर एकेक नाव येते. संपादकात एका ओळीत १६ बाइट दाखवले जात असतील तर आठ ओळींनंतर नाव बरोबर त्याच स्तंभात पुन्हा दिसायला हवे. नावांचा असा सरळ रकाना वरून खाली पाहत जा. जिथे नाव तीन अक्षरे डावीकडे सरकलेले दिसेल, त्याच्या आणि त्याआधीच्या नावाच्या दरम्यान बाइट हरवले आहेत.

तारसप्तक

हे अगदी तसेच निघाले. अकराव्या आवाजापर्यंत नावे रकान्यात सरळ आहेत. बारावा आवाज मामांची सनई आहे. तिचे नाव १५३३ व्या बाइटपासून सुरू व्हायला हवे, ते १५३० व्यापासून सुरू होते, आणि तिथून पुढची सगळी नावे तितकीच सरकलेली आहेत. ४०९८ च्या फाइलीत पहिली सरक सहाव्या आवाजापाशी आहे आणि दुसरी विसाव्यापाशी. म्हणजे वाद्य एकाच जागी अडखळत नाही, गळती दर वेळी वेगळ्या ठिकाणी होते.

एक शंका आहे. दोन्ही फाइली वेगवेगळ्या जागी फाटलेल्या आहेत, तर एकीतला चांगला भाग दुसरीत जोडून पूर्ण फाइल तयार करता येईल का?

खर्ज (प्रतिसाद)

तत्त्वतः करता येते. ४०९८ च्या फाइलीत बारावा आवाज कुठेही तुटलेला नाही, फक्त तीन बाइट अलीकडे सरकलेला आहे. तिथून त्याचे १२८ बाइट उचलून पहिल्या फाइलीत बसवले की हिशेब जुळतो. शेवटी चेकसम तपासावा : ४०९६ डेटा बाइटांची बेरीज करायची, तिचे खालचे सात बिट घ्यायचे आणि ती संख्या १२८ मधून वजा करायची. बेरजेचे खालचे सात बिट ५३ आले तर चेकसम ७५ असायला हवा. ते शून्य आले तर चेकसमही शून्यच असतो.

तरीही अशी जोडलेली फाइल केवळ आणीबाणीची प्रत म्हणून ठेवावी. चेकसम सात बिटांचा आहे, त्यामुळे एकमेकींना झाकणाऱ्या दोन चुका त्यातून निसटू शकतात. वाद्य चालू स्थितीत समोर असताना थेट वाद्यातून आलेली अखंड फाइल हीच मूळ प्रत मानावी. मामांच्या आवाजांसाठी तरी तडजोड नको.

एकतारी (प्रतिसाद)

धागा वाचून माझ्या रोलँड डी-५० या सिंथेसायझरची अडचण विचारतो. चांगल्या इंटरफेसवरूनही १९८७ च्या या वाद्यात बँक (आवाजांचा संच) शिरत नाही. वाद्य काही क्षण थांबते आणि चूक दाखवते. हेही बाइट गळण्याचेच प्रकरण आहे का?

जुनासोल्डर (प्रतिसाद)

बहुधा नाही. डी-५० मध्ये डेटा देण्याघेण्याच्या दोन पद्धती आहेत, एकमार्गी आणि हस्तांदोलनाची. हस्तांदोलनात पाठवणारा आधी 'पाठवू का' असे विचारतो, वाद्य होकार देते, मग एक तुकडा जातो, तो मिळाल्याची पोच येते आणि त्यानंतरच पुढचा तुकडा निघतो. रोलँडच्या भाषेत पोचेचा क्रमांक ४३, तुकडे संपल्याचा ४५ आणि नकाराचा ४एफ असतो. ही पद्धत निवडलेली असताना साध्या प्रोग्रॅममधून फाइल नुसती ढकलली, तर वाद्य प्रश्नाची वाट पाहते, संगणक उत्तरे ऐकतच नाही आणि थोड्या वेळाने वाद्य नाद सोडून देते. वाद्यावर एकमार्गी पद्धत निवडा, किंवा हस्तांदोलन जाणणारा संपादक वापरा आणि इन व आउट या दोन्ही तारा जोडा. हस्तांदोलन एका तारेवर होऊ शकत नाही.

एकमार्गी पाठवतानाही दोन तुकड्यांच्या मध्ये थोडी उसंत द्यावी. रोलँडच्याच एमटी-३२ च्या सुरुवातीच्या आवृत्तीत संदेश भराभर आले की बफर ओसंडल्याची सूचना पडद्यावर येत असे. म्हणूनच जुने खेळ चालवणाऱ्या डॉसबॉक्स या प्रोग्रॅममध्ये सिसेक्स मुद्दाम रेंगाळत पाठवण्याचा पर्याय आजही आहे.

पंचम (प्रतिसाद)

मिडी असूनही संपूर्ण बँक मिडीवरून न देणारी वाद्ये आहेत, त्यांचाही उल्लेख इथे व्हावा असे वाटते. माझ्याकडे १९८४ चा रोलँड ज्युनो-१०६ आहे. मागच्या बाजूचा मिडीचा तीन स्थानांचा खटका तिसऱ्या स्थानावर ठेवला की आवाज निवडताच त्याचे सिसेक्स बाहेर पडते, पण ते त्या एका आवाजापुरते. १२८ आवाजांचा पूर्ण साठा कॅसेटच्या जॅकमधूनच बाहेर काढावा लागतो. १९८२ च्या ज्युनो-६० ला तर मिडीच नाही. मुंबईचे संगीतकार चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही रोलँडची वाद्ये एकत्र वाजवली तेव्हा मिडी बाजारात आलेले नव्हते. त्या पिढीच्या ज्या वाद्यांना आवाज साठवता येत, त्यांची बाहेरची वही म्हणजे कॅसेट होती.

ही पद्धत आज लॅपटॉपवर उत्तम चालते, पण तिची पथ्ये मिडीहून निराळी आहेत. वाद्य डेटाचे रूपांतर दोन वेगवेगळ्या उंचीच्या सुरांत करते, आणि आपण तो कर्कश आवाज वेव्ह फाइलीत मुद्रित करतो. ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट पुरेसे होतात. एमपी३ करू नये, कारण कानाला न कळणारे तपशील गाळण्याची तिची युक्ती इथे घातक ठरते. ब्लूटूथ वापरू नये, विंडोजमधल्या ध्वनीच्या सगळ्या सुधारणा बंद कराव्यात, आणि सूचनांचे आवाज तर आठवणीने बंद करावेत, कारण वाद्यात फाइल भरताना मध्येच एखादी टिंग वाजली तर सगळे पुन्हा करावे लागते. लॅपटॉपचा स्टिरिओ आउट थेट वाद्याच्या मोनो जॅकमध्ये घालू नये. फक्त डावी बाजू नेणारी तार वापरावी. पातळी मधोमध ठेवून सुरुवात करावी. वाद्य फाइल नाकारत असेल तर पातळी थोडी वाढवून पाहावी, आणि तरीही नाकारत असेल तर मुद्रणाची तरंगाकृती उलटी करून पाहावी. ज्युनोवर व्हेरिफाय नावाचे बटण आहे ते वापरल्याशिवाय मुद्रण विश्वासार्ह समजू नये. त्या बटणाने मुद्रित आवाज आणि मेमरीतला डेटा यांची तुलना होते आणि मेमरीला धक्का लागत नाही.

तारसप्तक

इंटरफेस आला. पहिल्याच प्रयत्नात ४१०४ बाइटची फाइल मिळाली. पुन्हा डंप घेतला, तोही ४१०४ चा आला, आणि दोन्ही फाइली बाइटगणिक सारख्या आहेत. नावांचा रकाना शेवटपर्यंत सरळ आहे. डेक्स्ड या डीएक्स७ ची नक्कल करणाऱ्या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून आवाज वाजवून पाहिले. सनई आणि तुणतुणे वाद्यातल्यासारखेच वाजतात. म्हणजे वाद्य निर्दोष आहे.

नव्याने येणाऱ्यांसाठी बटणांचा क्रम लिहून ठेवतो, कारण मला तो शोधावा लागला. १९८३ च्या मूळ डीएक्स७ वर फंक्शन हे बटण दाबून मग ८ क्रमांकाचे बटण दाबायचे. पहिल्यांदा मिडी चॅनेल दिसतो, तो १ असू द्यावा. पुन्हा ८ दाबले की सिस इन्फो येते, तिथे यस दाबून ती उपलब्ध करायची. आणखी एकदा ८ दाबले की डेटा पाठवायचा का असा प्रश्न येतो. मिडी-ऑक्सची सिसेक्स स्वीकारण्याची खिडकी आधी उघडी ठेवायची आणि मगच यस दाबायचे. नंतरच्या डीएक्स७-टू चे मेनू वेगळे आहेत.

आता पाठवण्याची दिशा उरली आहे, आणि ती टाळता येणार नाही. बॅटरीसाठी ती लागेलच, शिवाय मूळ डीएक्स७ फक्त अंतर्गत मेमरीचा डंप देतो. कार्ट्रिजमधले ३२ आवाज उतरवायचे तर ते आधी अंतर्गत मेमरीत भरावे लागतील, म्हणजे सध्याचे आवाज पुसावे लागतील. परतीची वाट पक्की झाल्याशिवाय मी ते करणार नाही.

खर्ज (प्रतिसाद)

विचार योग्य आहे. परतीची वाट आधी वाद्याला न जोडता तपासा. इंटरफेसच्या आउटमधून निघालेली पाच पिनांची तार त्याच्याच इनमध्ये घाला, मिडी-ऑक्सने तुमची ४१०४ बाइटची फाइल पाठवा आणि तीच परत नोंदवून घ्या. त्याआधी आलेले सिसेक्स पुढे सोडण्याचा पर्याय बंद करा, नाहीतर डेटा त्या वर्तुळात फिरत राहील. परत आलेली फाइल मूळ फाइलीशी विंडोजच्या एफसी या आज्ञेने, बी हा पर्याय देऊन ताडून पाहा. एकही फरक न दिसणे म्हणजे लॅपटॉप, प्रोग्रॅम आणि इंटरफेस तिन्ही ठीक आहेत.

त्यानंतर पाठवण्याच्या मांडणीत बफरचा आकार ६४ बाइट आणि दोन बफरांतील विलंब ४० मिलिसेकंद ठेवा. ६४ बाइट तारेवरून जायला सुमारे २० मिलिसेकंद लागतात, म्हणजे वाद्याला प्रत्येक तुकड्यानंतर त्याच्या दुप्पट उसंत मिळते आणि तरीही सगळी फाइल चार सेकंदांच्या आसपास पोहोचते. विलंब याहून फार वाढवू नका, कारण डीएक्स७ च्या काळातल्या अनेक वाद्यांत तार जिवंत असल्याचे कळवणारा एक बाइट सतत जात-येत असतो आणि त्यासाठी ३०० मिलिसेकंदांची मर्यादा आहे. मॅक वापरणाऱ्यांनी सिसेक्स लायब्रेरियन हा प्रोग्रॅम घ्यावा, त्यात प्रत्येक पोर्टचा वेग कमी करता येतो. लिनक्सवरच्या एमिडी या आज्ञेतला विलंब दोन सिसेक्स संदेशांच्या मध्ये पडतो, एका संदेशाच्या पोटात पडत नाही. डीएक्स७ चा गठ्ठा हा एकच संदेश असल्यामुळे तिथे त्या पर्यायाचा उपयोग होत नाही आणि सगळी मदार इंटरफेसवर राहते.

पाठवताना संगीताचे इतर सगळे प्रोग्रॅम बंद करा. त्यांतला एखादा तालाचे ठोके त्याच पोर्टवर सोडत असतो. १२० च्या लयीत असे सेकंदाला ४८ बाइट तुमच्या डेटात मिसळतात. मिडीच्या नियमांत हे बसते, पण जुन्या वाद्याची परीक्षा घेण्याची ही वेळ नाही.

आणि एकच आवाज पाठवायचा असेल तर १६३ बाइटचा वेगळा संदेश असतो. तो केवळ संपादनाच्या जागेत जातो, अंतर्गत मेमरीला हात लावत नाही. पहिली चाचणी त्यानेच करा. डेक्स्डमधून एखादा आवाज पाठवा आणि कळ दाबून ऐका.

एकतारी (प्रतिसाद)

वर सांगितल्याप्रमाणे डी-५० एकमार्गी पद्धतीवर ठेवला आणि बँक व्यवस्थित शिरली. आभार. यासोबतच एक प्रश्न : अकाईच्या एस-१००० सारख्या सॅम्पलरमध्ये (मुद्रित आवाज कळांवर वाजवणाऱ्या यंत्रात) ध्वनिमुद्रणेही मिडीवरूनच भरावीत का?

जुनासोल्डर (प्रतिसाद)

भरता येतात, पण वेळेचा हिशेब करा. मिडीच्या सॅम्पल डंप पद्धतीत १२७ बाइटच्या प्रत्येक पाकिटात डेटाचे १२० बाइट असतात आणि १६ बिटांच्या एका नमुन्याला तीन बाइट लागतात. ४४.१ किलोहर्ट्झचा एक सेकंदाचा मोनो आवाज पाठवायला ३,१२५ बाइटच्या वेगाने सुमारे ४५ सेकंद लागतात, आणि पोचेच्या देवाणघेवाणीत आणखी वेळ जातो. सॅम्पलरसाठी फ्लॉपीच्या जागी बसणारा यूएसबी एम्युलेटर हा अधिक व्यवहार्य मार्ग आहे. त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा.

तारसप्तक

इंटरफेसच्या आउटपासून इनपर्यंतच्या चाचणीत एकही फरक आला नाही. डेक्स्डमधून पाठवलेला एक आवाज वाद्यावर लगेच वाजला. त्यानंतर अंतर्गत मेमरी प्रोटेक्ट बंद केले आणि मामांचीच ४१०४ बाइटची फाइल ६४ बाइट व ४० मिलिसेकंद या मांडणीने परत पाठवली. पहिल्या खेपेला प्रोटेक्ट चालूच राहिले होते आणि वाद्याने मेमरी प्रोटेक्टेड असे दाखवून फाइल घेतली नाही. ते बंद केल्यावर फाइल आत गेली. लगेच पुन्हा डंप घेतला आणि मूळ फाइलीशी ताडला, दोन्ही सारख्या आहेत.

मग कार्ट्रिजमधले ३२ आवाज अंतर्गत मेमरीत भरले, त्यांचा डंप घेतला, तोही ४१०४ चा आला, आणि मामांचा पहिला संच परत जागेवर ठेवला. कार्ट्रिजमध्ये मामांनी नाट्यगीतांसाठी बसवलेला ऑर्गन सापडला, तो त्यांनाही आठवत नव्हता. दोन्ही फाइली लॅपटॉपवर, एका पेन ड्राइव्हवर आणि मामांच्या मुलीच्या संगणकावर ठेवल्या आहेत. सोबत ६४ नावांची यादी एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिली आहे. आता बॅटरीकडे वळतो.

जुनासोल्डर (प्रतिसाद)

मूळ सेल सीआर२०३२ आहे आणि तो पत्र्याच्या पट्ट्यांसह सर्किटवर डाखलेला असतो. दुरुस्तीवाल्यांना तसाच दुसरा सेल डाखायला सांगू नका, त्याजागी सेलचा होल्डर बसवायला सांगा. त्यामुळे पुढच्या वेळी सोल्डरिंगची गरज पडणार नाही. काम करताना वाद्याची तार भिंतीतून काढलेली असावी, आणि धन-ऋण बाजू जुना सेल काढण्याआधी फोटो काढून नोंदवावी. नवा सेल बसल्यावर वाद्य चालू केले की मेमरीत निरर्थक नावे आणि विचित्र आवाज दिसतील. ते स्वाभाविक आहे. प्रोटेक्ट बंद करून पहिली फाइल पाठवा, डंप परत घेऊन ताडा आणि प्रोटेक्ट चालू करा. कार्ट्रिजलाही स्वतःची बॅटरी असते, ती त्यानंतर पाहू.